गाळणीच्या पुढचा वीतभर पाइप

लातूरच्या ट्युशन एरियात राहून ज्यांनी डॉक्टर व्हायचा अभ्यास केला, त्यांतली कितीतरी पोरं उद्धवच्या हातच्या कॉटवर झोपलेली आहेत. खाली एक गादी, वर एक गादी, मधे लोखंडी शिडी आणि उशाशी पुस्तकांपुरती फळी. एवढ्याशा खोलीत चार जण कसे बसवायचे, हा प्रश्न रूममालकांना पडायचा आणि त्याचं उत्तर एमआयडीसीतल्या उद्धवच्या शेडमध्ये मिळायचं. शहरात त्याला सगळे कॉटवाले म्हणत. औसा रोडला लागून आत गेलं की मात्र खेड्यापाड्यांत त्याचं नाव वेगळं होतं. तिथं तो इमानवाला, म्हणजे विमानवाला.

त्याची बायको कुसुम एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. माहेर नांदेडचं, वजिराबादेतलं, घरात बापापासून सगळे मास्तर. लग्न ठरलं तेव्हा तिच्या काकांनी नाक मुरडलं होतं, की मुलगी एमएस्सी आणि जावई वेल्डर. पण मुलगा शांत होता, निर्व्यसनी होता, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून बोलायचा. कुसुमला तेवढं पुरलं. लग्नानंतर ती लातूरला आली ती क्लासचं पीक वर येत होतं त्या दिवसांत. एका भाड्याच्या हॉलमध्ये पाचपन्नास पोरांना शिकवता शिकवता ती 'कुसुम मॅडम' कधी झाली हे तिचं तिलाही कळलं नाही. परभणी, बीड, सोलापूर, कुठून कुठून पोरं यायची. जितकी पोरं यायची तितक्या कॉट लागायच्या. नवराबायको दोघंही त्याच लाटेवर वर आले.

उद्धवचं गाव किल्लारीच्या अलीकडं, तेरणेच्या बाजूला. त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे जमीन हलली, तेव्हा तो लातूरला खोली करून आयटीआय शिकत होता. मिळेल त्या वाहनानं आणि उरलेलं अंतर पायी तुडवत तो गावात पोचला. आई मावशीकडं गेलेली म्हणून वाचली होती. बाप दगडामातीखाली होता, पण जिवंत होता. चौघांनी मिळून त्याला काढलं, एका टेम्पोत घातलं आणि लातूरची वाट धरली. वाट कसली, तिथं वाटच नव्हती. मदतीच्या गाड्या येत होत्या, आणि त्याहून जास्त नुसतं बघायला येणाऱ्यांच्या गाड्या. समोरासमोर तोंडं करून सगळा रस्ता उभा. टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि टेम्पो जागचा हलत नव्हता. वरून एक हेलिकॉप्टर गेलं. टेम्पोतल्या सगळ्यांनी माना वर करून बघितलं. बापानं पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि औसा यायच्या आधीच मान टाकली.

हे कुसुमला सासूबाईंनी सांगितलं. उद्धवनं कधीही नाही. त्यानं स्वतःच्या हातानं विमान बांधायचं मनावर घेतलं तेव्हा तिनं एकदाच विचारून बघितलं होतं, "हे त्या दिवसाच्या रस्त्यापायी आहे का?"

तो ग्राइंडरचं पातं बदलत होता. म्हणाला, "न्हाई गं. मला पाइप वाकवता येतो. वाकवलेल्या पाइपाचं कॉटशिवाय दुसरं काय होतं का, बघायलोय."

तिनं पुन्हा विचारलं नाही.

विमान त्याच्या एकट्याचं कधीच नव्हतं. त्यातला अर्धा वाटा जिलानीचा. जिलानीही नांदेडचा, इतवाऱ्यातला. इंजिनाचं काम बापाकडून शिकून तो लातूरला आला, कारण इथं क्लासमुळं ऑटो आणि व्हॅन वाढल्या होत्या. उद्धवच्या शेडशेजारीच त्यानं गॅरेज टाकलं. पहिल्या दिवशी तुटलेला सायलेन्सर वेल्डिंगला घेऊन आला आणि तिथंच चहा प्यायला बसला, तो पुढं रोजच बसत गेला. उद्धव थोराड, मितभाषी. जिलानी काटकुळा आणि तोंडाळ. कुसुमला तो भाभी म्हणायचा, पण नांदेडची म्हणून हक्कानं भांडायचाही. "भाभी, तुमच्या लातूरचं पाणी पिऊन माणूस कडू होतो," असं म्हणून स्वतःच हसायचा.

अपघातात चेचलेल्या एका छोट्या मोटारीचं इंजिन जिलानीनं आणलं. मोटारीचं तोंड चपटं झालेलं, पण इंजिन धडधाकट होतं. विमानाचे नकाशे, पुस्तकं, कुठल्या कुठल्या परदेशी माणसांनी घरच्या घरी बांधलेल्या विमानांचे फोटो, हे सगळं उद्धवनं गोळा केलं होतं. इंग्रजी अडलं की तो पान घेऊन स्वयंपाकघरात यायचा आणि कुसुम पोळ्या लाटता लाटता अर्थ सांगायची. दिवसा कॉटचं काम चालायचं, आणि ते आटोपलं की दोघं मागच्या शेडमध्ये जायचे. पंखांचा सांगाडा झाला, शेपटी झाली. पंखावर ताणायचं कापड आलं तेव्हा ते शिवायचं कुणी, असा प्रश्न पडला. जिलानीची बायको बिलकीस ब्लाउज आणि लग्नाचे शरारे शिवायची. ती म्हणाली, मी शिवते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत क्लासचा हॉल रिकामा होता. कुसुमनं किल्ली मागून घेतली. बाकं भिंतीला लावली आणि दोघी बायकांनी फरशीवर ते लांबलचक कापड अंथरलं. कुसुम टोकं धरून बसायची, बिलकीस गुडघ्यावर सरकत खडूनं खुणा करायची.

"माझ्या लग्नाच्या शराऱ्याला सुद्धा मी एवढं जपलं नव्हतं," बिलकीस म्हणाली. "टाका उसवला तर ब्लाउज परत शिवता येतो. इथं उसवला तर काय करायचं?"

"उसवणार नाही. तुमचा टाका आहे," कुसुम म्हणाली.

टाका खरंच कधी उसवला नाही.

उडायला जागा दिली अण्णारावांनी. औशाच्या बाजूला त्यांचा लांबच लांब मुरमाड माळ होता, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. माळाच्या टोकाला बोअरच्या पाण्यावर त्यांचा ऊस. म्हातारा हौशी होता. मुलं पुण्याला, घरात करमत नव्हतं. विमान म्हटल्यावर त्यांनी स्वतःच ट्रॅक्टर लावून दगड वेचून घेतले आणि माळावर एक पत्र्याचं शेडही टाकून दिलं. परवानगीचे कागद दिल्लीला गेले, तिकडून आणखी कागद मागितले गेले. जे मागितलं होतं त्यातलं निम्मं ह्यांच्यापाशी नव्हतंच. मग दोघांनी आपल्या मनाशी एक मर्यादा घालून घेतली. माळाची हद्द सोडायची नाही, गावावरून जायचं नाही, कुणाला बसवायचं नाही. तरी ते बेकायदाच होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. कुसुमलाही.

पहिल्यांदा उडाला उद्धव. कुसुम आणि बिलकीस बांधावर उभ्या होत्या. बिलकीसचे ओठ पुटपुटत होते. कुसुमनं डोळे मिटून घेतले होते. इंजिनाचा आवाज वाढत गेला, चाकांची खडखड ऐकू येत होती, आणि एका क्षणी ती खडखड थांबली. तेव्हा तिनं डोळे उघडले. चिंचेच्या झाडाएवढ्या उंचीवर तिचा नवरा चालला होता, पाठ ताठ करून, वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या पोरासारखा. खाली जिलानी ओरडत मागं पळत होता. विमान माळाच्या टोकाला जाऊन उतरलं, उतरताना दोनदा उसळलं आणि उभं राहिलं. उद्धव उतरला, चाकाशी उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही. जिलानी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

पुढं जिलानी त्याच्याहून चांगला उडवायला लागला. अंगानं हलका आणि हाताचा मऊ. रविवारी, हवा पडलेली असली की सकाळी दोघं माळावर जायचे, एकेक फेरी मारायचे आणि अण्णारावांच्या घरची भाकरी खाऊन परत यायचे. अशी बरीच वर्षं गेली. पावसाळ्यात विमान शेडमध्ये असायचं. मधे लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, त्या उन्हाळ्यात ते झाकूनच होतं. करोनात तर दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. ते पुन्हा बाहेर काढलं तेव्हा जिलानीनं इंजिन उकलून नवं केल्यासारखं केलं. टाकीपासून येणारा लांब पाइप वाळून चिरला होता, तो बदलला. गाळणीपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप वीतभराचा, काळा, दाबला तर घट्ट लागणारा. वरून अगदी ठणठणीत दिसत होता. तो तसाच ठेवला.

दरम्यान पेट्रोल बदललं होतं. गावातल्या पंपावर ते लपवून ठेवलेलं नव्हतं. मशीनवर चिकटवलेल्या कागदावर इथेनॉलचा आकडा लिहिलेला होता, आणि तो आधीपेक्षा वाढलेला होता. अण्णाराव तर त्यावर खूश होते. त्यांचा ऊस ज्या कारखान्याला जायचा तिथं इथेनॉल काढायला सुरुवात झाली होती. माळावर कॅनमधून पेट्रोल ओतत असताना ते म्हणाले, "उद्धव, माझाच ऊस पिऊन उडायलंय की रे तुझं इमान."

"हाव, आता ते बी माळकरी न्हाई राहिलं," उद्धव म्हणाला, आणि सगळे हसले.

त्याच हिवाळ्यात कुसुम वर्गात अल्कोहोलचं प्रकरण शिकवत होती. दरवर्षी शिकवायची. त्या दिवशी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पेट्रोलमध्ये हे मिसळतात, त्यानं गाडीला काही होतं का?"

कुसुमनं फळ्यावर दोन मुद्दे लिहिले. ज्वलन चांगलं होतं, धूर कमी होतो. मग म्हणाली, "रबराच्या काही प्रकारांना ते चालत नाही, फुगतं. पण ते आपल्याला परीक्षेत विचारत नाहीत." आणि पुढच्या समीकरणाकडं वळली.

हे वाक्य तिला नंतर शब्दन् शब्द आठवत राहिलं. म्हणजे तिला ते येत होतं. तोंडाशी होतं. पण ते वर्गातलं होतं, आणि विमान माळावरचं होतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. त्याच सुमारास एका रविवारी उद्धव माळावरून आला तेव्हा त्याच्या बोटांना काजळासारखं काळं लागलेलं होतं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"पाइप काढून परत बसवला. त्याचं लागलंय."

"आधी हात धुवा, मग चहाला शिवा," ती म्हणाली.

जिलानीला काहीतरी जाणवत होतं. इंजिनाला पूर्ण जोर लावला की ते उपाशी असल्यासारखं करतं, असं तो म्हणाला. त्यानं कार्बोरेटर उघडला तर आत काळा कचरा सापडला, पिठासारखा बारीक. उद्धवनं तो बोटावर घेऊन बघितला आणि म्हणाला, "टाकीतला असंल. गाळणी बदलून टाक." जिलानीनं गाळणी बदलली, कार्बोरेटर धुऊन बसवला. इंजिन गोड चाललं. दोघांचंही समाधान झालं. कचरा गाळणीच्या मागून येत नसून पुढून येतोय, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. गाळणीच्या पुढं होताच काय, तर तो ठणठणीत दिसणारा वीतभर पाइप.

संक्रांत होऊन गेली होती. त्या दिवशी उद्धवला कणकण होती म्हणून तो बांधावर शाल घेऊन बसला आणि फेरी जिलानीनं मारली. विमान उचललं, चिंचेच्या वर गेलं आणि आवाज खोकल्यासारखा झाला. एकदा, दोनदा. मग आवाजच थांबला. पुढं अण्णारावांचा ऊस उभा होता, माणसाच्या दीडपट उंच. सरळ त्यात घातलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण जिलानीला वाटलं असावं की वळवून माळावर आणता येईल. त्यानं वळवलं. एक पंख खाली गेला, आणि उद्धव शाल टाकून उठेपर्यंत विमान जमिनीवर होतं.

अण्णारावांच्या जीपमधून त्याला लातूरला आणलं. रस्ता मोकळा होता. जिलानी शुद्धीवर होता आणि पाय जाणवत नाहीत म्हणत होता.

कुसुम रविवारच्या जादा तासावरून तशीच दवाखान्यात आली. बिलकीस भिंतीला टेकून खाली बसली होती, मुलगी मनतशा तिला धरून. कुसुम तिच्या शेजारी बसली. थोडं पलीकडं, जिन्यापाशी अण्णाराव उद्धवला विचारत होते की झालं काय. उद्धवच्या अंगात ताप होता, सदऱ्यावर माती होती, आवाज कुठून तरी खोलातून येत होता. तो म्हणाला, "इंजिन बंद पडलं. मागच्याच आठवड्यात ह्यानं कार्बोरेटर उघडला होता. नीट बसवला नसंल जिलानीनं. त्याचीच चूक झाली."

आवाज मोठा नव्हता. पण दवाखान्याचा तो बोळ लांब आणि रिकामा होता. कुसुमनं बिलकीसकडं बघितलं. बिलकीस समोरच्या भिंतीकडं बघत होती. तिनं ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता, आणि ऐकलं नसावं असं कुसुमनं स्वतःला पटवून दिलं.

जिलानी वाचला. मणक्याला मार होता. ऑपरेशन झालं, पुढं एका पायात थोडी ताकद आली, दुसऱ्यात आलीच नाही. पोलिसांनी येऊन पंचनामा केला, दोघांचे जबाब घेतले, विनापरवाना उडवल्याची केस झाली. जिलानीनं गॅरेज मोडलं. भाऊ येऊन त्याला नांदेडला घेऊन गेला. इतवाऱ्यात भावाचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, तिथं गल्ल्यावर बसता येईल म्हणाला.

मोडलेलं विमान ट्रॉलीतून एमआयडीसीत आणून मागच्या शेडमध्ये टाकलं होतं. उद्धव त्या बाजूला जातच नव्हता. उन्हाळा सुरू झाल्यावर एका दुपारी तो घरी आला आणि कुसुमला म्हणाला, "चल जरा माझ्यासंगं. एकट्याच्यानं व्हायलं न्हाई."

ती गेली. त्यानं ताडपत्री काढली. आधी कार्बोरेटर बघितला. एकेक स्क्रू नीट पिळलेला, जिथल्या तिथं. जिलानीच्या हातचं काम होतं ते. उद्धवनं स्क्रू उकलले. आतल्या बारीक छिद्रात काळा गुठळा अडकला होता. तो त्यानं सुईनं काढला आणि तळहातावर घेऊन उभा राहिला. मग त्याची नजर पाइपाकडं गेली. पाइप काढून त्यानं पात्यानं उभा चिरला.

बाहेरून तो तसाच होता, काळा आणि धड. आत मात्र भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगला होता. नख लावलं की साल निघत होती. काही ठिकाणी आतला थर सुटून पापुद्र्यासारखा लोंबत होता, आणि जिथं वाळला होता तिथं भेगा पडल्या होत्या. कुसुमनं तो हातात घेतला. नाकाशी नेला. तिला काही शोधावं लागलं नाही.

"अल्कोहोल," ती म्हणाली.

"हा पाइप पेट्रोलचाच हाय की."

"जुन्या पेट्रोलचा. आताच्यात जे मिसळतात ते ह्या रबरात शिरतं. त्याला मऊ ठेवणारा जो अंश असतो तो बाहेर काढतं. टाकी भरून महिनोन् महिने ठेवलं की आतून असं होतं. आणि सुकलं की तडकतं."

उद्धवनं तिच्या हातून पाइप घेतला. मग त्यानं विचारलं, "म्हंजे तुला हे ठावं होतं?"

त्यात राग नव्हता. तो नुसतं विचारत होता. कुसुमला वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं.

"धडा ठाऊक होता," ती म्हणाली.

त्या दुपारी दोघं शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिले. रस्त्यानं क्लास सुटलेल्या पोरांच्या सायकली जात होत्या. उद्धव म्हणाला, "जिलानीला सांगायला पायजे. मी त्याला बोल लावलाय." तेव्हा कुसुमला कळलं, की दवाखान्यातलं ते वाक्य त्यालाही टोचत होतं.

ते नांदेडला गेले. अहमदपूर, लोहा करत एसटी पोचेपर्यंत उद्धवचा हात खिशावर होता. पाइपाचे दोन्ही तुकडे रुमालात गुंडाळून त्यानं खिशात ठेवले होते. जिलानी भावाच्या घरी खाटेवर बसला होता, काठ्या भिंतीला लावलेल्या. उद्धवला बघून त्याचा चेहरा उजळला. "या भाऊ, या भाभी," म्हणाला. वजन कमी झालं होतं, पण तोंड तेच होतं. लातूरच्या पाण्याची आठवण त्यानं काढलीच.

उद्धवनं रुमाल सोडला. पाइपाचं सगळं सांगितलं. कार्बोरेटरचा एकेक स्क्रू कसा चोख बसवलेला होता, तेही सांगितलं. जिलानीनं तुकड्यावरून अंगठा फिरवला, काळं झालेलं बोट बघितलं.

"तरीच," तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना, इंजिन उपाशी राहायलंय. हा घास अडवून बसला होता." मग थोडं थांबून म्हणाला, "पण भाऊ, कार्बोरेटरचं कशाला सांगायलाव? ते मी नीटच बसवलं होतं."

उद्धवची मान खाली गेली. आणि तेव्हा दारात चहा घेऊन उभी असलेली बिलकीस बोलली. आवाज साधाच होता.

"भाऊ, त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही अण्णारावांना म्हणालात, जिलानीची चूक झाली. मी ऐकलं होतं. ह्यांना मी आजवर सांगितलं नव्हतं. पायाचं दुःख कमी होतं का, की हेही द्यायचं? पण आता तुम्ही स्वतःच तो विषय काढलात."

जिलानीनं आधी बायकोकडं बघितलं, मग उद्धवकडं. "असं म्हणालात?" त्यानं विचारलं.

"हाव," उद्धव म्हणाला. "म्हणालो. चुकलो मी, जिलानी. माझ्याच डोळ्यांदेखत पडलास तू. मला कुणावर तरी घालायचं होतं, ते तुझ्यावर घातलं."

जिलानीनं पाइपाचे तुकडे एकावर एक ठेवले, रुमालात गुंडाळले, नीट गाठ मारली आणि उद्धवच्या हातात दिले. "चहा घ्या, निवतोय," म्हणाला.

चहा झाला. दवाखान्याचं, औषधांचं, मनतशाच्या शिक्षणाचं बोलणं झालं. निघताना कुसुमनं बिलकीसचा हात धरला. बिलकीसनं तो सोडवून घेतला नाही, दाबलाही नाही.

परतीच्या वाटेवर कुसुमच्या मनात एकच घोळत राहिलं. आपण गेलो नसतो तर जिलानीला ते कधीच कळलं नसतं. मळभ दूर करायला गेलो, आणि जे बिलकीसनं एकटीनं पदराखाली झाकून ठेवलं होतं ते त्याच्यासमोर उघडं करून आलो. न जाणं तरी कसं बरोबर ठरलं असतं? याचं उत्तर तिला त्या दिवशी मिळालं नाही आणि नंतरही नाही. आधी ती आणि बिलकीस फोनवर भाजीच्या फोडणीपासून सगळं बोलायच्या. आता फोन यायचा तो ईद आणि दिवाळीला, आणि दोघीही लवकर ठेवायच्या.

उद्धवनं पुन्हा विमानाचं नाव काढलं नाही. कॉटचं काम चालूच होतं. तो अधूनमधून नांदेडला जायचा, जिलानीपाशी दुकानात स्टुलावर बसायचा, गिऱ्हाइकं बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. "काय बोललात?" कुसुम विचारायची. "काय न्हाई. बसलो," एवढंच तो सांगायचा. जिलानी त्याला कधी 'येऊ नका' म्हणाला नाही. पण कधी 'परत कधी येताय' असंही म्हणाला नाही.

पुढच्या वर्षी मनतशाचं लग्न ठरलं. मुलाकडचे देगलूरचे होते. आमंत्रण द्यायला जिलानीचा भाऊ लातूरला आला. कुसुमनं साडी घेतली, उद्धवनं स्वतः बनवलेलं शिलाई मशीनचं टेबल पोरीसाठी आधीच पाठवून दिलं. नांदेडलाच, देगलूर नाक्याजवळच्या हॉलमध्ये लग्न होतं. दाराशी खुर्ची टाकून जिलानी बसला होता, शेरवानीत, काठ्या खुर्चीमागं. त्यानं उद्धवचा हात दोन्ही हातांत घेतला आणि जवळच बसवून घेतलं. कुसुमला ते बघून बरं वाटलं. तिला वाटलं, आता हळूहळू निवळेल.

मुलाचे वडील येऊन बसले. गप्पांचा माणूस होता. लातूरचे पाहुणे म्हटल्यावर क्लासचं विचारलं, पोरांच्या परीक्षांचं विचारलं. मग सहज जिलानीच्या पायाकडं बघून म्हणाले, "आणि हे पायाचं कसं झालं, विचारायचं राहूनच गेलं."

उद्धव गुडघ्यावर ठेवलेल्या आपल्या हातांकडं बघत होता.

"गाडीवरून पडलो," जिलानी म्हणाला. "लातूरच्या रस्त्यावर खड्डा होता."

"अरे अरे," मुलाचे वडील म्हणाले. "रस्त्यांचं काही खरं राहिलं नाही आता." आणि ते रस्त्यांविषयी बोलत राहिले. उद्धव मधे मधे मान हलवत होता. जिलानीही. दोघांकडं बघून कुणालाही वाटलं असतं की दोघं बऱ्याच वर्षांचे ओळखीचे आहेत आणि एवढंच.

जेवणं झाली. पोरीला निरोप देताना बिलकीस रडली, तेव्हा कुसुम तिच्या मागं उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी तिनं तो ठेवू दिला.

गाडी निघाली, लोहा मागं पडलं. मग उद्धव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पोरीच्या सासरी पोलिस-केसचं कशाला सांगायचं. बरोबरच केलं त्यानं."

"हो," कुसुम म्हणाली.

"बरोबरच केलं," तो पुन्हा म्हणाला. पण जिलानीनं विमानाचं नावही घेतलं नव्हतं, आणि अहमदपूर येईपर्यंत त्यानं तोंड खिडकीकडून वळवलं नाही.